हलक्या हाताची

चिंचवड
रविवार, ता. ९ जानेवारी १९५५

चि. सौ. इंदुताई हिस, सुभद्राचे अनेक आशीर्वाद.

आज पाचला उठले. सडा घातला, नदीवरून धुणं करून आणलं, सासूबाईंची गोधडी उन्हात टाकली. दुपारी चौथीच्या वह्या तपासल्या. संध्याकाळी माणसं आली होती, त्याचं पुढे लिहिते.

तू देहूरोडला परत गेलीस त्याला आठ दिवस झाले. तुझ्या आईच्या तेराव्याला मी रडले नाही, हे तुला दिसलं असेल. अजूनही रडू आलेलं नाही. सकाळी चहा मात्र दोघींचा टाकते आणि सासूबाईंचाही मीच पिते. पित्त वाढलं आहे. माझा शोक असा पोटात चालला आहे.

संध्याकाळी चौघी आल्या. सोजराबाई पुढे. मला वाटलं, समाचाराला आल्या असतील. चहा झाल्यावर सोजराबाईंनी विषय काढला. गावात कुणाचा नवरा गेला की त्या बाईचा चुडा फोडायला सासूबाईंना बोलावत, हे तुला माहीतच आहे. तीस वर्षं ते काम त्यांच्याकडे होतं. आता कुणी करायचं, असा प्रश्न होता. सोजराबाई म्हणाल्या, "बाई, तुमीच करा. तुमचा हात हलका हाय. पोरींच्या वेण्या घालता, तवा एक पोरगी वराडत न्हाई."

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. शाळेत सतरा वर्षं काढली. मोठ्या बाईंची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोनदा दुसरीला मिळाली. इथे न मागता नेमणूक झाली. मी थोडा वेळ नको नको म्हटलं, तेही बरं दिसावं म्हणून. माझ्या वेळी सासूबाईंनी बांगड्या फोडल्या तेव्हा डाव्या मनगटाला दोन ठिकाणी कापलं होतं. त्यांचा मुलगा गेलेला, त्यांचं लक्ष नव्हतं. पण तेव्हापासून माझ्या मनात आहे की हे काम याहून नीट करता येईल.

तुझा भाऊ असता तर हसला असता. मारुतरावांना नमस्कार. त्यांचा खोकला कसा आहे?

गं. भा. सुभद्रा


देहूरोड
ता. १६ जानेवारी १९५५

ती. गं. भा. वहिनीस, इंदूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. आईची जागा तुम्हाला मिळाली, आता पेढे वाटा. रागावू नका. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी चार वर्षांची होते आणि तुमच्या कडेवरून उतरायचं नाव घेत नव्हते. म्हणून एवढं बोलायची मुभा आहे असं समजते.

यांचा खोकला आहे तसाच आहे. डेपोतून रजा घेतली आहे. घरात माणूस असलं की कामं वाढतात.

तुम्ही ते काम कसं करणार, ते जरा लिहा. मी लहानपणी आईबरोबर एकदा गेले होते, पण तिने मला दारात बसवलं होतं. आतून फक्त आवाज आला. दुखतं का हो? आणि फोडायच्याच कशाला? साबण लावून उतरवल्या तर चालणार नाही का? काच तरी वाचेल. इथे क्वार्टरमधल्या बायकांत बोलणं निघालं, म्हणून विचारते.

परवा कासार आला होता. मी दोन्ही हातांत हिरव्या भरल्या, डझनभर. एवढ्या कधी भरत नाही.

तुमची,
सौ. इंदू


चिंचवड
रविवार, ता. ६ फेब्रुवारी १९५५

चि. सौ. इंदुताई हिस, आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. मधे पहिलं काम येऊन गेलं, आणि तेही जिने मला नेमलं तिच्याच घरी. सोजराबाईंचा मुलगा विषमज्वराने गेला. मंगळवारी. त्याची बायको शालन सव्वीस वर्षांची आहे.

तू पद्धत विचारली होतीस. मनगटाला बांगडीच्या आतून ओलं फडकं गुंडाळायचं. हात पाटावर ठेवायचा. काचेच्या बांगडीला जिथे सांधा असतो तो बोटाने चाचपून वर आणायचा आणि तिथेच दगडाने अलगद टिचकी द्यायची. बरोबर दोन तुकडे होतात. मी आदल्या आठवड्यात फुटक्या पाटीच्या तुकड्यांवर सराव केला होता, हे कुणाला सांगू नकोस. शालनला ओरखडासुद्धा आला नाही. बायका एकमेकींकडे बघून माना हलवत होत्या. मला शाळा तपासायला साहेब येऊन चांगला शेरा देऊन गेल्यासारखं वाटलं. मग शालनचं तोंड दिसलं आणि मी खाली बघितलं.

साबण लावून उतरवलेल्या चालत नाहीत. आवाज व्हावा लागतो, बायका त्यासाठीच बसलेल्या असतात. दुखत नाही. माझ्या हाताने तरी नाही.

आणखी एक झालं. शालनचा भाऊ हिंदुराव पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात फिटर आहे. तिथे बाटल्या भरायला बायका घेताहेत. दिवस झाल्यावर शालनला लावतो म्हणाला. घरात कमावणारं आता कुणी नाही, सोजराबाईंचं थोडं मन होतं. पण लोक काय म्हणतील म्हणून त्यांनी मला विचारलं, शिकलेली म्हणून. मी म्हटलं, वर्षभर तरी घरात बसावं, तेच शोभतं, मीही बसले होते. सोजराबाईंनी ते लगेच मानलं. हिंदुराव टोपी घालून निघून गेला. शिकलेल्या बाईच्या शब्दाला गावात एवढा मान आहे.

मारुतराव कामावर जायला लागले का?

गं. भा. सुभद्रा


देहूरोड
ता. १२ फेब्रुवारी १९५५

ती. गं. भा. वहिनीस, नमस्कार.

क्वार्टरमधल्या बायकांत काही बोलणं निघालं नव्हतं. मीच विचारत होते.

हे दिवाळीपासून औंधच्या छातीच्या दवाखान्यात आहेत. आई आजारी, म्हणून तेव्हा तुम्हा दोघींना सांगितलं नाही. आईच्या दिवसांत मी एकटी आले, तेव्हा यांना रजा नाही असं सांगितलं, तेही खोटं. दर रविवारी मुलीला शेजारी ठेवून मी औंधला जाते. इंजेक्शनं चालू आहेत. परवा मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि मुलगी किती वर्षांची आहे ते विचारलं. ज्याला औषधाचं सांगायचं असतं तो हे विचारत नाही.

वहिनी, तुम्ही शालनला वर्षभर बसायला सांगितलंत ते वाचलं आणि दोन दिवस मला तुमचा राग येत राहिला. मला बसता येणार नाही. क्वार्टर सोडावं लागेल, मुलगी दहा वर्षांची आहे.

एक मागते. वेळ आली तर सगळ्यांत आधी तुम्हालाच बोलावतील. तुम्ही या, माझ्याजवळ बसा, पण माझ्या हाताला हात लावू नका. नाही म्हणून सांगा. तुम्ही नाही म्हटलंत तर दुसरीची छाती होणार नाही. माझ्या बांगड्या मी उतरवीन तेव्हा उतरवीन, एकटी असताना.

एवढं कराल ना, ते लगेच कळवा.

इंदू


चिंचवड
ता. १५ फेब्रुवारी १९५५

चि. सौ. इंदुताई हिस, आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू एवढे महिने एकटीने काढलेस आणि मला सांगितलं नाहीस. मारुतराव बरे होतील. हल्लीची इंजेक्शनं फार चांगली आहेत. आमच्या शाळेतल्या शिपायाचा मेहुणा अगदी खाटेला लागला होता, तो आता सायकल चालवतो.

तू जे मागितलंस त्याबद्दल आत्ता बोलणं अशुभ आहे. तशी वेळच येणार नाही. आणि देव न करो, आली, तर मी नाही म्हटल्यावर दुसरी कुणी पुढे होईल, तिचा हात कसा असेल कुणास ठाऊक. तू घाबरली आहेस म्हणून असं लिहितेस. मनाला लावून घेऊ नकोस. मी रविवारी औंधला येऊन जाईन.

गं. भा. सुभद्रा


चिंचवड
रविवार, ता. २७ मार्च १९५५

चि. गं. भा. इंदू हिस, आशीर्वाद.

तेरावं झाल्यावर मी निघाले तेव्हा तू दारापर्यंत आली नाहीस. बरोबर केलंस. तू तिथेच होतीस, तेव्हा काय झालं ते तुला सांगायला नको. पण माझ्या बाजूचं तुला माहीत नाही. ते चांगलं आहे म्हणून लिहीत नाही.

मारुतराव गेल्याचा निरोप आला त्या दिवशी चिंचवड स्टेशनवर गाडी येईपर्यंत आणि गाडीत बसल्यावरही मी एकच वाक्य म्हणत होते. "तिची इच्छा नाही, मी करणार नाही." मुलींना पाठांतर देतात तसं. देहूरोडला उतरेपर्यंत चोख पाठ झालं होतं. तुझ्या दाराशी आले तर आतून कुणीतरी म्हणालं, "चिंचवडच्या बाई आल्या, वाट द्या." वीस बायका सरकल्या. पाट मांडलेलाच होता. मला पाणी दिलं. एकजण शेजारणीला माझ्याकडे बोट करून सांगत होती की यांच्या हातून रक्ताचा थेंब येत नाही. इंदू, एवढ्यावर माझं पाठांतर गेलं. मी ओलं फडकं मागितलं.

मग तू विचारलंस. सगळ्यांच्या समोर, हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "वहिनी, मी तुम्हाला काय लिहिलं होतं?"

आणि मी म्हटलं, "तुझं पत्र मला मिळालं नाही."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. शाळेत गृहपाठ न करणाऱ्या मुली असंच सांगतात, वही हरवली म्हणून. मी त्यांना बाकावर उभं करते. तू माझ्याकडे बघितलंस आणि हात पुढे केलास. बारा बांगड्या. मी मोजल्या नाहीत, पण बारा होत्या. ओरखडा आला नाही.

येताना गाडीत मला रडू आलं. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच. कुणासाठी रडत होते ते मला नीट सांगता येणार नाही. समोरच्या बाईने मला केळं दिलं, ते मी खाल्लं.

उत्तर पाठव. शिव्या दिल्यास तरी चालेल.

गं. भा. सुभद्रा


पिंपरी
रविवार, ता. २५ सप्टेंबर १९५५

ती. वहिनीस, इंदूचा नमस्कार.

सहा महिन्यांनी लिहिते आहे. मधे तुमची तीन पत्रं आली, पत्त्यावर 'गं. भा.' लिहिलेली. देहूरोडच्या पोस्टमनने पहिलं पत्र आणून दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो खाली बघून बोलायला लागला. माझ्या नावामागचं 'सौ.' पुसायला तुम्हाला पंधरा दिवससुद्धा लागले नाहीत, वहिनी. ती 'गं. भा.'ची दोन अक्षरं मी लावत नाही. तुम्हीही लावू नका.

आता मी पिंपरीला खोली घेतली आहे. तुमच्यापासून दीड मैल. तुमच्या दारात यायचं नाही म्हणून टपालाला पैसे घालते, एवढी मी श्रीमंत झाले आहे.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. तुमचं १५ फेब्रुवारीचं पत्र त्या वेळी ट्रंकेत होतं, माझ्यापासून तीन हातांवर. त्याची पहिलीच ओळ 'तुझं पत्र मिळालं.' उठून दाखवलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. मी उठणारही होते. मग मनात आलं, एवढ्या बायकांत वहिनी खोट्या पडतील, शाळेतल्या बाई आहेत. म्हणून हात पुढे केला. आत औंधहून आणलेला नवरा निजवलेला आणि मी बाहेर तुमची लाज राखत बसले होते. तुम्ही बायकांना घाबरलात आणि मी तुम्हाला. एकाही पुरुषाने आपल्याला काही म्हटलं नव्हतं, वहिनी. ते सगळे बाहेर बांबू बांधत होते. हे मला तीन महिन्यांनी सुचलं, आणि सुचल्यावर मी एकटीच हसले. मुलगी घाबरली.

जुलैपासून मी औषधाच्या कारखान्यात आहे. तिथली गंमत सांगते. बाटल्या भरायच्या खोलीत काच, धातू, काही अंगावर चालत नाही. आत जाण्याआधी सगळ्याच बायकांनी बांगड्या उतरवायच्या आणि आपापल्या नंबराच्या डब्यात ठेवायच्या. साबण लावून. डोक्याला पांढरं फडकं, तोंडालाही. आत गेल्यावर सवाष्ण कोण आणि विधवा कोण, ते मुकादमणीलाही कळत नाही. पहिल्या दिवशी माझ्या शेजारची रडायला लागली, नवरा धडधाकट असताना रिकामे हात म्हणून. मी म्हटलं, "दोन दिवसांत सवय होते. मला बघ." संध्याकाळी सगळ्या पुन्हा हात भरत बसतात. मला काही भरायचं नसतं. म्हणून बसमध्ये खिडकी मला मिळते.

क्षमा मागू नका. तीन पत्रांत मागून झाली. मला त्याचं काय करायचं ते कळत नाही. त्यापेक्षा एक करा. पुढच्या महिन्यात दहा बायका घेणार आहेत. हिंदुराव मला गेटवर भेटतो. शालन अजून कोपऱ्यात बसून आहे म्हणाला, घरात दोन वेळची चूल पेटत नाही. तो सांगून थकला. ती म्हणते, बाईंनी वर्ष सांगितलंय. तुम्ही तिला बसवलंत, तुम्हीच उठवा. एकांतात नको, बायका असतील तेव्हा.

इंदू


चिंचवड
रविवार, ता. ९ ऑक्टोबर १९५५

चि. इंदू हिस, आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हे आता पुन्हा लिहायला हरकत नाही.

सोमवारी गेले. सोजराबाईंच्या ओसरीवर पाचसहा जणी शेंगा फोडत होत्या. शालन आत, दाराआड. या वेळी मी वाक्य पाठ केलं नव्हतं, पाठांतरावर माझा विश्वास उरलेला नाही. बसले, मूठभर शेंगा मीही फोडल्या आणि सांगून टाकलं की शालनने कारखान्यात जावं, मी वर्षभर बसायला सांगितलं ते चुकीचं होतं.

शालन दाराआडून म्हणाली, "बाई, आठ म्हैनं झालं. चारच ऱ्हायलं. आता उठले तर हे आठ फुकट जात्याल न्हवं?"

इंदू, हे वाक्य माझं आहे. तुला माहीत नसेल, तू तेव्हा सासरी होतीस. मी बसले त्या वर्षी नवव्या महिन्यात माझे वडील मला पुण्याला शिकायला न्यायला आले होते. सासूबाई जा म्हणाल्या होत्या. हो, तुझी आई. एकवीस वर्षं मी लोकांना त्यांनी मला बसवलं असं भासवत आले. मीच म्हटलं होतं, तीनच महिने राहिले, आता कशाला मोडू. वडील परत गेले. पुढे ते शिक्षण मी इथूनच, तीन वर्षं उशिरा केलं.

म्हणून मी तिला म्हटलं, "मी वर्ष पुरं केलं, शालन. मला त्याचं काही मिळालं नाही. तू बसलीस तर माझं बसणं शहाणपणाचं ठरेल, म्हणून तुला बसवलं."

सोजराबाईंनी शेंगा फोडायच्या थांबवल्या. "म्हंजी तवा आमाला खोटं सांगितलं व्हय, बाई?"

मी हो म्हटलं. जीभ सैल झालीच होती, म्हणून देहूरोडलाही खोटं बोलले, पत्र मिळालं होतं, हेही सांगितलं. ते कुणालाच कळलं नाही. कसलं पत्र, कुणाचं पत्र, कलेक्टराचं की काय, असं विचारायला लागल्या. माझा एवढा मोठा कबुलीजबाब, पण तो समजावून सांगण्यातच अर्धा तास गेला. शेवटी एकजण म्हणाली, जाऊ द्या, टपालात गहाळ हुतंच की. मी चौथ्यांदा म्हटलं, गहाळ झालं नव्हतं.

मग सांगितलं की यापुढे चुडा फोडायला मला बोलावू नका. त्यावर पहिला प्रश्न आला, मग करणार कोण? सोजराबाई मान खाली घालून म्हणाल्या, आता मीच करीन म्हणा. सगळ्या बरं म्हणाल्या. चहा यायच्या आत माझी जागा भरली. मला वाईट वाटलं. तू हसशील, पण आत खरंच चुरचुरलं. घरी येताना मनात म्हणत होते, सोजराबाईंना सांधा चाचपता तरी येतो का. माझी सुधारणा एवढीच झाली आहे, जास्त अपेक्षा ठेवू नकोस.

मंगळवार, बुधवार नदीवर माझ्या शेजारी कुणी दगड धरला नाही. मला ऐसपैस जागा मिळाली.

आज दुपारी शालन आली. मागल्या दाराने, डोक्यावरून पदर ओढून. सही शिकवा म्हणाली. कारखान्याच्या हजेरीवर अंगठा चालतो, पण सही आलेली बरी असं हिंदुरावने सांगितलं आहे. मी विचारलं, सोजराबाईंना काय सांगून आलीस? ती म्हणाली, "त्यास्नीच तर धाडलं. पर त्यांनी धाडलं असं कुनाला सांगू नका म्हनल्या." म्हणजे त्यांचीही एक पत्र मिळालं नसल्याची गोष्ट आहे. मी कुणाला सांगणार नाही, तुला सांगितलं ते सोडून.

तिने दोन तास गिरवलं. 'श' पोटात फार मोठा काढते, 'न'ला जागा उरत नाही. मी शिक्षिकेच्या सवयीने तिचा हात धरायला गेले आणि थांबले. म्हटलं, तूच काढ. अकराव्या वेळी नाव ओळीत बसलं. तोवर तिच्या बोटांना शाई लागली होती आणि ती पुसायला पदर पुढे केला तर मी रागावले, ते मात्र सवयीने.

१७ तारखेला, सोमवारी ती गेटवर येईल. सातला. तिला आत कसं जायचं ते माहीत नाही, घाबरेल, नाही म्हणून परतही फिरेल. तू थांब. साबण कुठे असतो ते दाखव.

तू माझ्या दारात येऊ नकोस. दीड मैल मला चालता येतं. तू बोलावशील तेव्हा येईन, न बोलावता येणार नाही.

शालन गेल्यावर दिवे लागायची वेळ झाली. एकटीसाठी भाकरी थापायचा कंटाळा आला. सकाळचा भात कांदा घालून फोडणीला टाकला, चुलीपुढेच बसून जेवले आणि पातेलं घासून पालथं घातलं.

सुभद्रा